पाच मैलांची वाट : कादंबरीकार प्रेमचंद आणि आपले होतकरू लेखक

काशीयात्रा करून आलेल्या मराठी माणसास दशाश्वमेध घाट ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले, अशी या घाटाची आख्यायिका आहे. परंतु ज्या दगडी पायऱ्या उतरून आपण गंगेत पाऊल टाकतो त्यांच्या उभारणीशी अठराव्या शतकातील पेशव्यांचे आणि त्यानंतर अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. शेजारीच अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे आणि त्याच ओळीत नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचा मुन्शी घाटही आहे. घरापासून शेकडो कोस दूर येऊनही परके न वाटण्याजोगी ही जागा. यात्रेकरू येथे स्नान करतो, विश्वनाथाचे दर्शन घेतो, सायंकाळी गंगेची आरती डोळे भरून पाहतो, गंगाजलाची लोटी घेतो आणि परत फिरतो.

नदीकडे पाठ करून याच घाटावरून वर चालू लागले की गोदौलिया हा चौक लागतो. तेथून अगदी जवळ बांसफाटक नावाची वस्ती आहे. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी या वस्तीत एक कृश विद्यार्थी एका मुलाची शिकवणी घेण्यास येत असे. दिवसभर क्वीन्स कॉलेजच्या शाळेत शिकून तो चार वाजता येथे पोचावयाचा आणि सहा वाजता सुटावयाचा. त्याचे घर येथून पाच मैलांवर, लमही नावाच्या खेड्यात होते. थंडीच्या दिवसांत, अंधारात, झपझप चालूनही त्याला घरी पोचण्यास आठ वाजत. जेवण झाल्यावर ढणढणत्या दिव्यापुढे तो अभ्यासास बसे, आणि सकाळी आठ वाजता पुन्हा तीच वाट चालू लागे. हा विद्यार्थी म्हणजे धनपतराय श्रीवास्तव. जगाने त्याला पुढे प्रेमचंद या नावाने ओळखले.

सुवर्णमहोत्सवी अंकात एका हिंदी-उर्दू लेखकाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत कविता वाचून दाखविणारे भेटतात, गणेशोत्सवासाठी एकांकिका लिहिणारे भेटतात. परंतु कादंबरी लिहिण्याचे मनात आहे, असे चारचौघांत सांगणारा क्वचितच आढळतो. नोकरीमुळे वेळ मिळत नाही, परमुलखात राहिल्याने भाषा गंजली, आपल्या साध्या आयुष्यात लिहिण्याजोगे आहे तरी काय, अशी कारणे प्रत्येकाजवळ तयार असतात. ही सारी कारणे प्रेमचंदांजवळही होती. किंबहुना आपल्यापेक्षा अधिक सबळ होती. तरीही डझनभराहून अधिक कादंबऱ्या आणि तीनशेच्या घरातील कथा त्यांनी मागे ठेवल्या. हे कसे घडले ते पाहणे होतकरू लेखकास कोणत्याही लेखनशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडेल, अशी आमची धारणा आहे.

वाचनाचे वेड

धनपतराय यांचा जन्म ३१ जुलै १८८० रोजी लमही येथे झाला. वडील अजायबलाल टपाल खात्यात कारकून होते. घरात मुलास लाडाने नवाब म्हणत. मुलगा सात-आठ वर्षांचा असताना आई आनंदीदेवी निवर्तल्या आणि काही काळाने वडिलांनी दुसरा विवाह केला. एका मौलवींकडे उर्दू व फारसीचे शिक्षण सुरू झाले. वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब गोरखपुरास गेले, आणि तेथे या मुलास वाचनाचे अक्षरशः वेड लागले.

पुस्तके विकत घेण्यास पैसे नव्हते. तेव्हा त्याने बुद्धिलाल नावाच्या पुस्तकविक्रेत्याशी एक सौदा ठरविला. त्याच्या दुकानातील परीक्षेची मार्गदर्शक पुस्तके आपल्या शाळेतील मुलांना विकून द्यावयाची आणि त्याच्या बदल्यात दुकानातील कादंबऱ्या वाचावयास घरी न्यावयाच्या. ‘तिलिस्मे होशरुबा’सारख्या अद्भुत कथा, रतननाथ सरशार व शरर यांच्या उर्दू कादंबऱ्या आणि रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाच्या रहस्यकथांचे अनुवाद, असे शेकड्यांनी ग्रंथ त्याने दोन-तीन वर्षांत पालथे घातले. आपल्या हरिभाऊ आपट्यांनीही आरंभी याच रेनॉल्ड्सच्या एका कादंबरीच्या आधारे ‘मधली स्थिती’ लिहिली होती, हे मराठी वाचकांस स्मरत असेल. दोघांच्याही लेखनात पुढे त्या परकीय रहस्यांचा मागमूस उरला नाही. दोघेही आपल्या घरातील व गल्लीतील माणसांकडे वळले. परंतु वाचकास पुढचे पान उलटावयास कसे लावावे, ही विद्या त्या भरमसाट वाचनातून त्यांच्या हाती आली होती. होतकरू लेखकाने ‘उच्च’ तेवढेच वाचावे, हा आग्रह म्हणूनच फारसा हिताचा नाही. प्रथम खूप वाचावे. निवड आपोआप होत जाते.

त्याच वयात त्याने पहिली रचना केली. दूरच्या नात्यातील एक मामा घरी येऊन राहत आणि मुलाच्या कादंबरीवाचनावर सदैव तोंडसुख घेत. पुढे एका प्रेमप्रकरणात त्या मामांची गावात चांगलीच फजिती झाली. मुलाने त्या फजितीचे नाटक लिहिले आणि मामांच्या उशाशी ठेवून तो शाळेत गेला. परत येऊन पाहतो तो मामाही नाहीत आणि नाटकाचे बाडही नाही. त्यांनी ते जाळले की बरोबर नेले, हे त्याला कधीच कळले नाही. एका कादंबरीकाराचे पहिले हस्तलिखित असे घरच्याच माणसाच्या हातून नाहीसे झाले.

दारिद्र्य आणि नोकरी

पंधराव्या वर्षी त्याचे लग्न लावून देण्यात आले आणि सतराव्या वर्षी वडील वारले. पत्नी, सावत्र आई आणि तिची दोन मुले यांचा भार अंगावर पडला. मॅट्रिकची परीक्षा दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाल्यामुळे कॉलेजात फीची माफी मिळेना. दुसरीकडे प्रयत्न केला तर गणिताने वाट अडविली. मग एका वकिलाच्या मुलाची पाच रुपये महिन्याची शिकवणी मिळाली. तबेल्यावरील एका लहानशा खोलीत राहून, निम्मे पैसे घरी पाठवून, उरलेल्या दोन-अडीच रुपयांत तो महिना काढू लागला.

एक वेळ अशी आली की पोटासाठी गणिताच्या पुस्तकाची उत्तरपुस्तिका विकावी लागली. दोन रुपयांस घेतलेली ती पुस्तिका एका रुपयास गेली. परंतु त्याच दुकानात एक गृहस्थ बसले होते. ते चुनारच्या एका मिशनरी शाळेचे मुख्याध्यापक निघाले आणि त्यांना शिक्षक हवा होता. अठरा रुपये पगारावर १८९९ मध्ये धनपतराय शिक्षक झाले. पुढील वर्षी सरकारी शिक्षणखात्यात प्रवेश मिळाला आणि बहराइच, प्रतापगढ, अलाहाबाद, कानपूर, महोबा, बस्ती, गोरखपूर अशा बदल्यांमध्ये वीस वर्षे गेली. बी. ए. ची पदवी १९१९ मध्ये, म्हणजे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी पदरी पडली.

या वीस वर्षांकडे होतकरू लेखकाने विशेष लक्ष द्यावे. ‘निवृत्त झाल्यावर लिहीन’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. प्रेमचंदांच्या आयुष्यात निवृत्ती आलीच नाही. शाळा, तपासणीचे दौरे, परीक्षांचा अभ्यास आणि बुंदेलखंडातील मुक्कामात जडलेला पोटाचा आजार हे सारे सांभाळून, नोकरीच्या आधीच्या व नंतरच्या वेळात त्यांनी लिहिले. त्यांचे लेखन नोकरीआड आले नाही. उलट नोकरीनेच त्यांना खेडी दाखविली, जमीनदार व कुळे दाखविली, शाळेच्या पडवीत बसणारी अनवाणी मुले दाखविली. ज्या आयुष्याची आपण अडचण म्हणून तक्रार करतो तेच कादंबरीचे भांडवल असते.

पहिली कादंबरी आणि जाळलेले पुस्तक

त्यांची पहिली कादंबरी ‘असरारे मआबिद’, म्हणजे देवस्थानांची रहस्ये. काशीतून निघणाऱ्या ‘आवाजे खल्क’ या उर्दू साप्ताहिकात ती ८ ऑक्टोबर १९०३ पासून १९०५ च्या फेब्रुवारीपर्यंत हप्त्याहप्त्याने येत होती. देवळातील महंतांचा ढोंगीपणा आणि त्याला बळी पडणाऱ्या गरीब स्त्रिया हा तिचा विषय. ज्या नगरात देवळे हीच उपजीविका, त्याच नगराच्या पत्रात तेवीस वर्षांच्या शिक्षकाने हा विषय घ्यावा, यात धारिष्ट होते. कलेच्या दृष्टीने ती कच्ची होती, हे अभ्यासक मान्य करतात. परंतु हप्त्यांनी लिहिण्याचा एक लाभ असा की दर आठवड्यास मजकूर द्यावाच लागतो. हरिभाऊंच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीचे प्रकरणामागून प्रकरण ‘करमणूक’ पत्रात असेच छापून येत होते. प्रकरण संपविण्याची सवय ही प्रतिभेइतकीच मोलाची आहे, आणि ती प्रतिभेप्रमाणे जन्मजात नसते. ती लावून घ्यावी लागते.

दरम्यान १९०६ मध्ये त्यांनी शिवरानीदेवी या बालविधवेशी पुनर्विवाह केला. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. शिवरानीदेवी पुढे स्वतः लेखिका झाल्या, १९३० च्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, आणि पतीच्या निधनानंतर त्यांनी लिहिलेले आठवणींचे पुस्तक हे प्रेमचंदांच्या चरित्राचे एक मुख्य साधन ठरले.

कानपूरच्या ‘जमाना’ मासिकाचे संपादक दयानारायण निगम यांनी या तरुणास हाताशी धरले. त्यांच्याच छापखान्यातून १९०८ मध्ये ‘सोजे वतन’ हा पाच देशभक्तिपर कथांचा संग्रह ‘नवाबराय’ या नावाने निघाला. लेखक कोण, हे सरकारास कळावयास वेळ लागला नाही. हमीरपूरच्या कलेक्टराचे बोलावणे आले. रातोरात बैलगाडीने तीस-चाळीस मैल जाऊन शिक्षणखात्याचा हा कनिष्ठ अधिकारी साहेबांपुढे उभा राहिला. छापलेल्या एक हजार प्रतींपैकी जेमतेम तीनशे खपल्या होत्या. उरलेल्या सातशे प्रती साहेबांच्या स्वाधीन कराव्या लागल्या आणि त्या अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. यापुढे एक ओळही दाखविल्याखेरीज छापावयाची नाही, अशी आज्ञा झाली.

लहानपणी मामांनी बाड नाहीसे केले, आता सरकारने पुस्तक जाळले. लेखणी खाली ठेवण्यास याहून सबळ कारण कोणते हवे? परंतु निगम यांच्या सूचनेवरून त्यांनी नाव तेवढे बदलले. ‘जमाना’च्या १९१० च्या डिसेंबर अंकात ‘बडे घर की बेटी’ ही कथा प्रेमचंद या नव्या नावाने आली आणि ते नाव कायमचे झाले. हस्तलिखित परत येणे, प्रकाशकाने उत्तर न देणे, घरातल्यांनी थट्टा करणे या आपल्या निराशा कितीही कडू असल्या, तरी या कसोटीपुढे त्या लहानच आहेत.

भाषेचा प्रश्न

दूरदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांसमोर भाषेचा प्रश्न बिकट असतो. घरात मराठी, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी. लिहावे कोणत्या भाषेत? प्रेमचंदांपुढेही असाच प्रश्न होता. ते उर्दूत वाढले आणि उर्दूतच लेखक झाले. परंतु उर्दूत प्रकाशक मिळणे दिवसेंदिवस कठीण होत गेले आणि हिंदीचा वाचकवर्ग वाढत चालला. मग त्यांनी हिंदीचा हात धरला. गोरखपूरच्या मुक्कामात त्यांनी उर्दूत ‘बाजारे हुस्न’ लिहिली. ती प्रसिद्ध मात्र आधी हिंदीत झाली, ‘सेवासदन’ या नावाने. कलकत्त्याच्या प्रकाशकाने तिचे साडेचारशे रुपये दिले. मूळ उर्दू पुस्तकास लाहोरात प्रकाशक मिळण्यास १९२४ साल उजाडले आणि तेथे अडीचशेच रुपये मिळाले.

‘सेवासदन’ ही काशीची कादंबरी आहे. हुंड्यासाठी लाच घेऊन तुरुंगात गेलेल्या, एरवी सज्जन असलेल्या फौजदाराची मुलगी सुमन. गरीब कारकुनाशी झालेले तिचे लग्न. एका रात्री नवऱ्याने तिला घराबाहेर काढणे. आणि अखेर दालमंडीतील कोठ्याची वाट. दशाश्वमेधावरून गोदौलियास आले की ही दालमंडी पायी थोड्याच अंतरावर येते. विश्वनाथाचे मंदिरही तेथून दूर नाही. देवळातील घंटा आणि कोठ्यावरील तबला एकाच वस्तीत ऐकू येतात आणि दोन्ही ठिकाणी तेच प्रतिष्ठित लोक दिसतात, ही गोष्ट लाखो यात्रेकरूंनी पाहिली असेल. तिचा अर्थ विचारला तो या शिक्षकाने.

अर्थात भाषा बदलणे म्हणजे पहिली टाकून देणे नव्हे. प्रेमचंदांची हिंदी सरस झाली ती तिच्यातील उर्दूच्या ओघामुळे. आणि जवळचे उदाहरण हवे असल्यास माळव्यातील मुक्तिबोध बंधूंचे घ्यावे. महाराष्ट्रापासून दूर वाढलेल्या या मराठी कुटुंबातील थोरले बंधू गजानन माधव हिंदीचे युगप्रवर्तक कवी झाले. प्रेमचंदांनीच काढलेल्या ‘हंस’ मासिकात पुढे त्यांनी काशीस काही काळ कामही केले. धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथे’ या मराठी कादंबऱ्या लिहिल्या. एकाच घरातील दोघांनी दोन भाषा निवडल्या आणि दोन्ही भाषा धन्य झाल्या. ज्या भाषेत आपल्याला राग येतो, लाज वाटते आणि आई आठवते, त्या भाषेत लिहावे. ती मराठी असेल तर तिच्या शुद्धतेची फार काळजी न करता लिहावे. परमुलखातील शब्द तिच्यात आले तर ते आपल्या आयुष्याचेच शब्द आहेत.

बीज कोठून येते

गांधीजींचे गोरखपुरातील भाषण ऐकल्यावर १९२१ च्या फेब्रुवारीत प्रेमचंदांनी वीस वर्षांची सरकारी नोकरी सोडली. काही काळ त्यांनी खासगी शाळेत व काशी विद्यापीठात शिकविले, ‘मर्यादा’ मासिकाचे काम पाहिले, आणि १९२२ ते १९२४ या काळात ‘रंगभूमी’ ही विस्तीर्ण कादंबरी लिहिली. तिचा नायक सूरदास हा पांडेपुरातील एक आंधळा भिकारी. सिगारेटच्या कारखान्यासाठी त्याची वडिलोपार्जित जमीन हवी असते आणि तो ती देत नाही, एवढेच कथानकाचे सूत्र. हे पांडेपूर म्हणजे त्याच पाच मैलांच्या वाटेवरील वस्ती. ज्या वाटेने शाळकरी धनपतराय रोज ये-जा करीत असे, तीच वाट पंचवीस वर्षांनी कादंबरी होऊन आली.

कादंबरीच्या कलेवर प्रेमचंदांनी निबंध लिहिले आहेत. कादंबरीचे बीज पुस्तकांत न शोधता जीवनात शोधावे, असा त्यांचा उपदेश आहे. जॉर्ज एलियटने बालपणी पाठीवर कापडाचा गठ्ठा घेतलेला एक विणकर पाहिला होता. त्यातून एक प्रसिद्ध कादंबरी जन्मली. हॉथॉर्नला जुन्या कोर्टाच्या दप्तरात आपले कथानक सापडले. आणि ‘रंगभूमी’चे बीज आपल्याच गावातील एका आंधळ्या भिकाऱ्यात होते, हे ते मोकळेपणाने सांगतात. चित्रकार जशी रेखाटनाची वही बाळगतो तशी लेखकाने टिपणवही बाळगावी, असेही ते सुचवितात. आणि स्वतः मात्र अशी वही कधी ठेवली नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद करतात. त्यांची स्मरणशक्ती ज्याला लाभली नसेल त्याने वही अवश्य ठेवावी.

मात्र बीज सापडले की लगेच लिहीत सुटावे असे नव्हे. प्रेमचंद कादंबरीचा आराखडा आधी मांडीत. पात्रांची नावे, त्यांचे स्वभाव, प्रसंगांचा क्रम अशी टिपणे ते करीत आणि ती बहुधा इंग्रजीत असत. हात बसावा म्हणून त्यांनी अनुवादही खूप केले. जॉर्ज एलियटच्या त्याच विणकराच्या कादंबरीस त्यांनी ‘सुखदास’ हे हिंदी रूप दिले; टॉलस्टॉयच्या कथा व अनातोल फ्रान्सची ‘थाइस’ हिंदीत आणली; सरशारांचा प्रचंड उर्दू ग्रंथ संक्षिप्त करून हिंदी वाचकांस दिला. दुसऱ्याची कादंबरी ओळीओळीने आपल्या भाषेत उतरविताना तिची गुंफण जशी समजते तशी ती केवळ वाचून समजत नाही. दोन-तीन भाषा जाणणाऱ्या आपल्या तरुणांस ही शाळा घरबसल्या उपलब्ध आहे.

छापखाना, मासिक आणि मुंबई

प्रेमचंदांचे एक उदाहरण मात्र होतकरूंनी गिरवू नये. त्यांनी १९२३ मध्ये काशीस सरस्वती प्रेस काढला. छापखान्याने त्यांचे पैसे खाल्ले, वेळ खाल्ला आणि प्रकृतीही खाल्ली. १९३० च्या मार्चमध्ये ‘हंस’ मासिक निघाले. हे नाव जयशंकर प्रसादांनी सुचविलेले. दोन वर्षांनी ‘जागरण’ साप्ताहिकही अंगावर घेतले. दोन्हींत तोटा येत होता. ‘हंस’मधून मात्र त्यांनी नव्या लेखकांस जे आधार दिले त्याची मोजदाद पैशांत होणार नाही. हिंदीतील पुढचे थोर कादंबरीकार जैनेंद्रकुमार हे त्यांच्याच प्रोत्साहनावर वाढले आणि अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी होते.

कर्ज फेडण्यासाठी १९३४ च्या जूनमध्ये ते मुंबईस आले. अजंता सिनेटोन कंपनीने वर्षास आठ हजार रुपये देऊ केले होते. दादरला बिऱ्हाड केले. गिरणी-कामगारांवरील त्यांचा ‘मजदूर’ हा चित्रपट सेन्सॉरच्या कात्रीत सापडला आणि मुंबईत त्यावर बंदी आली. त्या व्यवसायात कथेवर लेखकाचा अधिकार चालत नाही, हे ध्यानात येताच करार पुरा होण्याआधीच, १९३५ च्या एप्रिलमध्ये, ते काशीस परतले. आठ हजारांचा मोह सोडून तोट्यातील मासिकाकडे परत जाणारा हा माणूस व्यवहारशून्य ठरेल. परंतु ‘गोदान’ पुरी व्हावयाची होती. बेलारी गावचा होरी, त्याची धनिया, दारी एक गाय असावी ही साधी इच्छा आणि त्या इच्छेपायी झालेला सर्वनाश सांगणारी ही कादंबरी १९३६ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली. आज त्यांच्या नावाशी सर्वांत आधी जोडले जाते ते हेच पुस्तक.

अखेर

‘गोदान’नंतर चार महिनेही उरले नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौस प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते आणि त्याच महिन्यात नागपुरास भारतीय साहित्य परिषदेसही गेले होते. ‘हंस’ तेव्हा परिषदेचे मुखपत्र झाले होते. उन्हाळ्यात प्रकृती ढासळली. एका नाटकाबद्दल सरकारने ‘हंस’कडून एक हजार रुपयांचा जामीन मागितला आणि परिषदेने मासिक बंद करण्याचे ठरविले. अंथरुणास खिळलेल्या प्रेमचंदांनी ते परत आपल्याकडे घेतले आणि जामीन भरून चालू ठेवले. उशाशी ‘मंगलसूत्र’ या नव्या कादंबरीची पाने होती. साहित्यसेवेत आयुष्य वेचलेला एक लेखक हाच तिचा नायक. चार प्रकरणे झाली आणि ८ ऑक्टोबर १९३६ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तेहतीस वर्षांपूर्वी याच तारखेस त्यांच्या पहिल्या कादंबरीचा पहिला हप्ता याच नगरातून निघाला होता.

दशाश्वमेधाच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर असलेल्या मणिकर्णिकेवर अंत्यसंस्कार झाले. बरोबर फारशी माणसे नव्हती. कोण गेले, असे वाटेत कोणी विचारता कुणी मास्तर होता असे उत्तर मिळाले, ही आठवण त्यांचे पुत्र अमृतराय यांनी लिहिलेल्या चरित्रात आहे.

पुढील वर्षी ‘हंस’ने काढलेल्या प्रेमचंद स्मृती अंकाचे संपादन कोणी केले, हे आपल्या मंडळींस ठाऊक असावयास हवे. ते काम काशीतच जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकर या मराठी गृहस्थांनी केले. ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून हिंदी पत्रकारितेत त्यांचे स्थान अढळ आहे. एका मराठी माणसाने हिंदीच्या थोर कादंबरीकाराची स्मृती राखली. त्या स्मृतीचे चार कण मराठीत आणून आपणही ते ऋण थोडेसे फेडीत आहो.

होतकरू लेखकांस

आता थोडे व्यवहाराचे. ज्यास कादंबरी लिहावयाची आहे त्याने दिवसाचा एक तास ठरवून घ्यावा, आणि तो तास पाहुण्यांनाही देऊ नये. रोज एक पान लिहिले तरी वर्षास तीनशे पासष्ट पाने होतात. त्यांतील निम्मी टाकून दिली तरी एक कादंबरी उरते. विषयासाठी फार दूर जाऊ नये. पहिल्यांदा या परक्या शहरात उतरलेले आजोबा, भाड्याच्या खोलीत हळदीकुंकू मांडणारी आजी, दोन भाषांत भांडणारी भावंडे, गावाकडील वाटणीचे आलेले पत्र, यांतील प्रत्येकात एकेक सूरदास दडलेला आहे. वृद्धांजवळ बसून त्यांना विचारावे आणि उत्तरे टिपून ठेवावीत, कारण ती माणसे व ते शब्द फार दिवस राहणार नाहीत. पहिला खर्डा वाईट असणारच, प्रेमचंदांचाही होता. तो पुरा करावा, काही दिवस बाजूस ठेवावा आणि मग परक्याच्या नजरेने वाचावा. पदरचे पैसे घालून पुस्तक छापण्याची घाई करू नये. मंडळाच्या वार्षिकात किंवा हस्तलिखितात एकेक प्रकरण द्यावे. ‘आवाजे खल्क’ही काही जगप्रसिद्ध पत्र नव्हते.

आणि एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांस. मुलाच्या किंवा सुनेच्या टेबलावर लिहिलेले कागद दिसले तर त्यांत आपली थट्टा आहे का, हे आधी शोधू नये. कदाचित असेलही. त्या मामांचे नावसुद्धा आज कोणी घेत नाही. त्यांनी नाहीसे केलेल्या त्या चार पानांची हळहळ मात्र वाचकांस अजून वाटते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे मराठी बोलती ठेवली. पुढील पन्नास वर्षांत आपल्यापैकी एखाद्या घरातून एक खरीखुरी कादंबरी निघाली, तर या परमुलखात आपण कसे जगलो याची साक्ष देण्यास दुसऱ्या कोणत्याही स्मारकाची गरज उरणार नाही.